संध्याकाळचा गुडघा

"आली वाट्टे बाई. आता मले लंगडनं लागन."

कौशल्याबाईंनी हे म्हटलं ते शेजारच्या इंदूबाईंना, गच्चीवर, वाळवणाच्या सरगुंड्यांच्या परातीपुढे बसून. आणि ऐकलं ते त्यांच्या सुनेनं, जिन्याच्या वरच्या पायरीवर, पाण्याच्या टाकीआड उभं राहून. खाली गल्लीत एक स्कूटी वळली होती आणि तिच्या आवाजावरून सासूबाईंनी ठरवून टाकलं होतं की सून आली. ती स्कूटी भलत्याचीच होती. सुनेची, म्हणजे आरतीची, स्कूटी पंक्चरवाल्याकडे पडली होती. ती कोपऱ्यापर्यंत ऑटोनं आली, तिथून ओढणी डोक्यावर घेऊन पायी. चोरपावलांनी यायचं असं काही तिच्या मनात नव्हतं. खाली सासूबाई दिसेनात म्हणून वर आली, एवढंच.

"जरा इचार करून लंगडत जाय ना वो," इंदूबाई म्हणाल्या. "परवा तू डाव्या पायानं लंगडत होती, काल उजव्या. तिच्या ध्यानात आलं म्हंजे?"

"तिच्या काय ध्यानात येते! दमून येते बिचारी." मग एक लांब उसासा. "पन खरं सांगू का इंदू, लंगडू लंगडू आता माही कंबर दुखून राहिली."

यावर दोघी तोंडाला पदर लावून अशा हसल्या की काडीवर गुंडाळलेला एक सरगुंडा निसटून परातीबाहेर गेला. मग कौशल्याबाई उठल्या, हाताचं पीठ झटकलं आणि तालीम केल्यासारखी दोन-तीन पावलं लंगडून पाहिली. कोणता पाय ते ठरलं. त्या जिन्याकडे निघाल्या तशी आरती उलट पावली खाली पळाली, चपला हातात घेऊन फाटकाबाहेर गेली आणि मग फाटक असं आपटून आत आली की समोरचं कुत्रं भुंकायला लागलं.

"आई, आली मी!"

"ये माय," जिन्यातून कण्हणं ऐकू आलं. "उतरून राहिली मी. सावकाश. हा गुडघा काई जीव घेतल्याबिगर सोडत नाई मले."

आता हा गुडघा उपटला कुठून, ते आधी सांगायला पाहिजे.

आरती अकरा वर्षं अकोल्याला नोकरीला होती. बियाण्यांच्या एका कंपनीत हिशेब सांभाळायची. पुढे पुढे तर सगळं ऑफिसच तिच्या जिवावर चालायचं. सकाळी अमरावतीच्या साईनगरातून स्कूटीनं बडनेरा स्टेशन, तिथून गाडी, अकोल्याला उतरून ऑटो. संध्याकाळी हेच सगळं उलटं. पेरणीचे दिवस तोंडावर आले की ती घरी पोचेपर्यंत सगळ्यांची जेवणं आटोपलेली असायची आणि ओट्यावर तिचं एकटीचं झाकलेलं ताट असायचं. पगार चांगला होता, त्यात वाद नाही. घराचा वरचा मजला त्याच पगारानं चढला. "माही सून अकोल्याले सायबीन हाय," असं कौशल्याबाई गल्लीत सांगायच्या, आणि सांगताना स्वतःच थोड्या उंच व्हायच्या.

मग एका संध्याकाळी गाडी लेट होती. आरतीनं फलाटावरून घरी फोन लावला. मुलीनं, मोनालीनं, उचलला. मला वेळ लागेल, जेवून घ्या, असं आरती सांगत होती, तेवढ्यात मागे कुणीतरी काहीतरी बोललं आणि अख्खं घर हसलं. असं हसलं की मोनालीला फोन धरवेना. सासऱ्यांना ठसका लागलेला ऐकू आला.

"काय झालं वो?"

"काई नाई मम्मी. असंच. तू ये सावकाश." आणि फोन ठेवता ठेवता पुन्हा तेच हसू.

घरी आल्यावर तिनं नवऱ्याला विचारलं. शेखरनं सांगायचा प्रयत्न मनापासून केला. बाबा असं म्हणाले, मग आई तसं म्हणाली, मग इंदूकाकू... सांगता सांगता त्याच्याच लक्षात आलं की यात आता हसण्यासारखं काही उरलेलं नाही. "तथी पाह्यजे होती तू," तो म्हणाला आणि कूस बदलून झोपला.

तिथं पाहिजे होतीस तू. हे वाक्य त्यानंतर रोज आरतीबरोबर अकोल्याला जायचं आणि तिच्याबरोबरच परत यायचं.

होळी झाली आणि तिनं नोकरी सोडली. भातकुली रोडवरच्या एका डाळमिलीच्या ऑफिसात लागली, घरापासून स्कूटीनं दहा मिनिटांवर. पगाराचा तिसरा हिस्सा गेला. पण पाच वाजले की मालक स्वतःच कुलूप हातात घेऊन उभा राहायचा. अकोल्याच्या ऑफिसातले मनोज साहेब म्हणाले, "मॅडम, लोकं पगार वाढते म्हनून नोकरी सोडतात. तुमचं काई समजलं नाई बाप्पा." गाडीतल्या बायांनी तर तिचं घरी काही बिनसलं आहे का, तेही हळूच विचारून घेतलं.

काय सांगणार? वऱ्हाडातला माणूस तोंडावर वाट्टेल ते बोलतो. तू जाडी झालीस, तुझ्या भाजीत मीठ नाही, तुझा जावई बावळट दिसतो, हे सगळं तो चपला काढता काढता सांगून टाकतो. पण 'मला तुमच्यात बसावंसं वाटतं' हे एवढंसं म्हणायचं तर त्याची जीभ टाळूला चिकटते. आरतीचीही चिकटली, आणि तिथेच चूक झाली. चार घास कमी खाऊ पण मला माझी संध्याकाळ पाहिजे, हे म्हणायची तिला लाज वाटली. म्हणून तिनं घरातल्या प्रत्येकाला वेगळं कारण सांगितलं, आणि ते कारण ज्याच्या त्याच्या गळ्यात बांधलं.

सासूबाईंना म्हणाली, "तुमच्या गुडघ्याकडं पाहवत नाई मले." कौशल्याबाई दिवाळीच्या सुमाराला जिन्यात घसरल्या होत्या आणि दोन दिवस तेल चोळून बऱ्या झाल्या होत्या. सासऱ्यांना, खुशालरावांना, म्हणाली, "बाबा, तुमच्या गोळ्यांची अदलाबदल होते." शेखरला म्हणाली, "बाहेरचं खाऊन तुमची ॲसिडिटी वाढली." आणि मोनालीला, "आता दहावी लागन. तुह्या गणिताकडं कोन पाहीन?"

माणसं चांगली होती, तोच घोळ झाला. आरतीनं आपल्यासाठी एवढा पगार सोडला, तर आपण निदान दुखणाईत तरी असावं, असं सगळ्यांनी आपापल्या मनाशी ठरवलेलं दिसत होतं.

त्या संध्याकाळी आरतीनं घराकडं नव्या नजरेनं पाहिलं.

खुशालराव खुर्चीत बसले होते, गोळ्यांचा डबा मांडीवर बंद. "सूनबाई, लाल आधी का पांढरी आधी?" त्यांनी रोजच्यासारखं विचारलं. हा माणूस एसटीत कंट्रोलर होता. अख्ख्या डेपोच्या गाड्या कुठून कधी सुटतात ते अजूनही झोपेतून उठवून विचारा. आरतीनं मुद्दाम म्हटलं, "आज दोन्ही पांढऱ्या घ्या बाबा." म्हाताऱ्याचा हात डब्यावरच थांबला. चेहऱ्यावर अशी कळा आली जशी चुकीची पाटी लावलेली गाडी फलाटावर येताना पाहून कंट्रोलरच्या चेहऱ्यावर येते. "बरं," ते म्हणाले. आणि ती वळल्याबरोबर त्यांनी तोंड फिरवून लाल गोळी पटकन तोंडात टाकली. समोरच्या आरशात तिला सगळं दिसत होतं.

शेखरचं विहिरीवरच्या जळलेल्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं. तो घरी आला, तिनं पुढं केलेलं जिऱ्याचं पाणी डोळे मिटून प्यायला आणि पोटावरून हात फिरवत म्हणाला, "आता कसं बरं वाट्टे." त्याच्या मिशीला चौकातल्या गाडीवरच्या गिल्या वड्याची लाल चटणी होती. ताजी.

मोनाली पुस्तक घेऊन आली. "मम्मी, हे कसं सोडवाचं वो?" आरती पहिली पायरी सांगत होती तेव्हा पोरगी तिसऱ्या पायरीला मान हलवत होती. मग आरतीनं एक पायरी जाणून-बुजून चुकीची सांगितली. मोनालीचा ओठ हलला. तिनं तो दातांत धरला. "बरोबर हाय ना मम्मी?" "हो." "मंग असन," पोट्टी म्हणाली आणि जीव चालला असावा अशा तोंडानं वजाच्या जागी अधिक लिहिलं.

आरती स्वयंपाकघरात गेली आणि फ्रिजचं दार उघडून, डोकं आत घालून, आवाज न करता हसली.

दुसऱ्या दिवशी ती राजकमल चौकातून चार पायांची काठी घेऊन आली. ॲल्युमिनियमची, खाली रबरी बुटं असलेली.

"हे काय वो?" कौशल्याबाईंनी काठीकडं असं पाहिलं जसं कुणी घरात वासरू आणून बांधलं.

"तुमच्यासाठी, आई. आता हिच्याबिगर एक पाऊल टाकाचं नाई."

"एवढी काई गरज नोती माय..."

"असं कसं? परवा डावा दुखे, काल उजवा. दोन्ही गेले समजा."

कौशल्याबाईंनी सुनेच्या तोंडाकडं नीट पाहिलं. सुनेचं तोंड देवळातल्या मूर्तीसारखं शांत. बिचाऱ्या काठी टेकवत, टकटक करत संडासापर्यंत जाऊन आल्या. इंदूबाई वाटीभर साखर न्यायला आल्या होत्या. त्यांनी ते पाहिलं आणि साखर न घेताच घरी गेल्या. भिंतीपलीकडून बराच वेळ खोकल्याचा आवाज येत होता. खोकला नव्हता तो.

असे काही दिवस मजेत गेले. कोण आधी फुटतं ते पाहायचं, असं आरतीनं मनाशी घेतलं होतं. पण हसून हसून माणूस थकतो, तशी तीही थकली, आणि मग त्या हसण्याच्या बुडाशी जे होतं ते दिसायला लागलं.

ती यायच्या आधी वर गच्चीवर सासू आणि इंदूबाई सरगुंडे वळत. रव्याचं घट्ट पीठ तिंबायचं, त्याची बारीक दोरी ओढायची, काडीवर गुंडाळायची आणि अलगद सोडवून चादरीवर वाळत टाकायची. आंब्याचा रस आला की ते शिजवून रसासोबत खायचे. एप्रिलात दुपारी गच्चीवर पाय ठेववत नाही, म्हणून उन्हं उतरली की हे काम चाले. खुशालराव कठड्याशी बसून दोघींना चिडवत, मोनाली कुणाकुणाच्या नकला करी, शेखर दुकानातून मधेच गिल्या वड्याची पुडी घेऊन परस्पर वर येऊन जाई. आणि फाटक वाजलं की सगळे खाली उतरून आपापल्या दुखण्याला लागत.

पाहुणीसमोर वागावं, तसं. पाहुणी चांगली, मानाची, तिचं मन मोडायचं नाही. पण ती गेल्यावर पाय पसरायचे.

म्हणजे संध्याकाळ मिळवायला पगार सोडला, आणि ती आली की संध्याकाळच घरातून उठून जात होती. आता वर जाऊन 'मलाही बसू द्या' म्हणावं, तर मग गुडघ्याचं काय? एवढे दिवस लंगडणाऱ्या बाईला उघडं पाडायचं? आणि त्यांनी विचारलं, मग तू कशासाठी सोडली नोकरी, तर?

त्यातच शुक्रवारी मनोज साहेबांचा फोन आला.

"मॅडम, तुमच्या जागी पोरगं ठेवलं होतं ना, पळालं ते. मालक म्हनतात मॅडमले विचारा. पगार पयलेपेक्षा जास्त. येता का पहिल्या तारखेपासून?" मग थोडं थांबून, "सोमवारी सांगा. सोमवारनंतर दुसरा पाहाव लागन मले."

आरती बघते म्हणाली. फोन ठेवल्यावर तिला रागच आला. मनोज साहेबांचा नाही. त्या फोननं तिला जे समजलं त्याचा. घरच्यांना तिची गरज असती तर उत्तर सोपं होतं. घरच्यांना तिची गरज नव्हती, हे आता तिला माहीत होतं. मग डाळमिलीत बसून कमी पगार घ्यायचा तो कशाच्या नावानं?

शनिवारी चहाच्या वेळी तिनं सांगून टाकलं. "अकोल्याहून बोलावनं आलं. परत या म्हनतात. जास्त पगार देतात."

शेखरनं चहा बशीत ओतला.

आरती वाट पाहत होती. कुणीतरी म्हणेल, कशाला जाते? नुसतं एवढंच. एवढं म्हटलं असतं तर तिला पुरे होतं.

"तुह्या मनावर हाय बा," शेखर बशीत पाहत म्हणाला. "जिऱ्याचं पानी मी माहं मी घेत जाईन."

"गोळ्याईचं जमते मले," खुशालराव म्हणाले. "सवय झाली आता."

"माह्या गणिताचं काई नाई मम्मी. क्लास लावून घेऊ."

कौशल्याबाई सगळ्यांत शेवटी बोलल्या. काठीच्या मुठीवर हात ठेवून, फार मोठा त्याग केल्यासारख्या. "माह्या गुडघ्यासाठी तू अडू नको माय. जाचं असन तं जाय."

सगळ्यांनी तिला मोकळं केलं होतं. आरतीला वाटलं, हे मला पाठवतात. आणि बाकीच्यांना वाटत होतं, हिला जायचं आहे. चहावर साय धरली, कुणी प्यायलं नाही. इंदूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं, "कोनी मेलं का?" असं विचारलं, आणि आल्या पावली गेल्या.

रविवारी मोठा घाणा होता. कौशल्याबाईंच्या घरचे आणि इंदूबाईंच्या घरचे, दोन्ही घरांचे वर्षाचे सरगुंडे सकाळपासून गच्चीवर वाळत होते. घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या चादरी, दोन जुन्या साड्या आणि एक बाज यांवर पांढऱ्या, पोकळ नळ्यांची नुसती रांगोळी. खाली बैठकीत आरती कपड्यांच्या घड्या करत होती. सोमवार उद्यावर आला होता आणि तिचं उत्तर अजून तिला सापडलं नव्हतं.

उन्हं उतरायच्या सुमाराला एकदम अंधारून आलं. आधी खिडकीची दारं आपटली. मग बडनेऱ्याच्या बाजूनं धुळीचा एक लोटच्या लोट उठला आणि गल्लीतल्या कडुनिंबानं अंग झटकलं. पत्र्यावर टपकन एक थेंब पडला.

"माहे सरगुंडे!"

ही किंकाळी कौशल्याबाईंची. आरतीनं मान वर केली तोवर काठी फरशीवर आडवी पडून घरंगळत होती आणि सासूबाई जिन्यात दिसत नव्हत्या. नऊवारीचा काष्टा खोचलेली ती बाई दोन दोन पायऱ्या एकदम चढून गेली होती. आरती मागून धावली, पण तिला गाठणं काही जमलं नाही.

वर पाहते तर काय! कुणी कुणाला काही सांगत नव्हतं आणि सगळं होत होतं. कौशल्याबाईंनी चादरीची दोन टोकं धरली, पलीकडची दोन मोनालीनं. एक झटका आणि सगळे सरगुंडे मधोमध. त्या गाठोड्याखाली खुशालराव टोपलं घेऊन हजर. "दुसरी! आता दुसरी!" ते डेपोतल्यासारखे ओरडत होते. "बाज मांगं घ्या! साडी आधी सुटली पाह्यजे!" शेखर कधी दुकानातून आला कुणास ठाऊक, त्यानं अख्खी बाज एकट्यानं उचलून टाकीखाली नेली. इंदूबाई आपल्या गच्चीवरून मधल्या कठड्यावर चढून इकडे उतरल्या, वय पासष्टीला टेकलेलं असताना, आणि उडालेली साडी त्यांनी दातांत धरली. वाऱ्यानं चार-सहा सरगुंडे उचलले तर मोनालीनं ते हवेत झेलले. अशा वावटळी या माणसांनी याच गच्चीवर कितीतरी पाहिल्या असणार. प्रत्येकाची जागा ठरलेली होती, आणि आरती जिन्याच्या तोंडाशी उभी होती. हात पुढं केले तर कुणाच्या तरी कोपराला लागत, मागं घेतले तर वाटेत येत. "बाजूले हो वो मम्मी!" मोनाली ओरडली आणि तिला ढकलून टोपलं घेऊन पुढं गेली.

थेंब सात-आठच पडले. धूळ बसली, ऊन परत आलं. ढग जसे आले तसे भातकुलीकडे निघून गेले.

टाकीच्या सावलीत सगळे धापा टाकत बसले. केसांत, भुवयांत, मिशीत धूळ. सरगुंडे टोपल्यांत सुखरूप. कौशल्याबाई पाय पसरून बसल्या होत्या आणि हसत होत्या. "पाह्यलं का इंदूले? वांदरीवानी आली कठड्यावरून!"

"अन् तू? हरिनीवानी गेली वो जिन्यातून! एवढं तं नव्या नवरीले धावता..."

इंदूबाईंची जीभ तिथंच थांबली. त्यांनी आरतीकडं पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं. कौशल्याबाईंनी पसरलेला उजवा पाय हळूच जवळ ओढला, गुडघ्यावर हात ठेवला, आणि कण्हायला तोंड उघडलं. कण्हणं काही आलं नाही. तोंड तसंच उघडं राहिलं.

खुशालराव खाकरले. शेखर आकाशाकडं पाहायला लागला, जसे काही ढग मोजायचे राहिले आहेत. मोनालीनं दोन्ही गुडघ्यांत तोंड खुपसलं, तिचे खांदे हलत होते.

"आता बोला ना कोनी तं बोला," इंदूबाई म्हणाल्या. "मी शेजारची बाई, मी काय बोलू?"

आरती जिन्याच्या तोंडाशीच होती. तिला वाटलं, आता हसून सोडून द्यावं, चहा टाकते म्हणावं आणि खाली जावं. उद्या सकाळी मनोज साहेबांना फोन करावा, येते म्हणावं. कुणाचं काही बिघडणार नाही. ती वळलीसुद्धा.

"आरती. थांब."

कौशल्याबाई उठल्या. दोन्ही पायांवर, सरळ. धुळीनं पांढऱ्या झालेल्या भुवयांखालून त्यांनी सुनेकडं असं पाहिलं जसं या सगळ्या दिवसांत एकदाही पाहिलं नव्हतं. इंदूबाईंकडं पाहतात तसं.

"लय झालं आता हे. मले कंबर राहिली नाई. आयक. माहा गुडघा दुखत नाई. दिवाळीत दुखला, दिवाळीत बरा झाला. ह्या बुढ्याले त्याच्या गोळ्या माह्यापेक्षा जास्त पाठ हायेत. ही पोट्टी गल्लीतल्या पोट्टाईले गणित शिकवते. अन् तुहा नवरा..."

"आई," शेखर म्हणाला.

"तू चूप रे. तुहा नवरा रोज गिला वडा खाते अन् घोड्यावानी हाय. तू यवढा पगार सोडला आमच्यासाठी, तं तुह्या जिवाले लागू नये म्हनून आमी सारे..." त्यांनी पदरानं भुवया पुसल्या. "पन खरं हेच हाय पोरी. आमचं कोनाचंच काई अडलं नोतं तुह्यावाचून. कदीच. तुले राग येवो का काई होवो. जाचं तं आमच्या नावानं अडू नको, अन् राहाचं तं आमच्या नावानं राहू नको."

 मोनालीनं गुडघ्यांतून तोंड वर काढलं. तिला वाटलं, मम्मी आता रडणार.

आरती रडली नाही. तिला वाटलं हुंदका येतो आहे, पण ओठांपर्यंत आलं तेव्हा ते हसू निघालं. ती चार पावलं चालत आली आणि सासूबाईंच्या शेजारी, त्या धुळीत, नव्या ड्रेसनिशी फतकल मारून बसली.

"मले माईत हाय आई," ती म्हणाली. "तुमचं कोनाचं नोतं अडलं. माहं अडलं होतं."